पोट उघडं राहिलेली वाकळ

मी एक नवी वाकळ आहे, पण माझ्या अंगावरचं एकही धडुतं, एकही कापड नवं नाही. तुमच्याकडे मला गोधडी म्हणत असतील, आमच्या उदगिरात वाकळच म्हणतात. लांबी दीड वीत, रुंदी एक वीत. हसू नका, मित्रांनो. माणसाच्या अंगावर टाकलं तर माझ्यानं धड एक गुडघा झाकवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी माणसासाठी शिवलेलीच नाही. मी बाहुलीच्या पलंगावरची वाकळ आहे. बाहुलीला मी मानेपासून पायांपर्यंत पुरते आणि वर दोन बोटं उरते. मग झालं तर!

माझा जन्म मे महिन्यातला. त्या रखरखीत उन्हात वाकळ कुणाला सुचते, असं तुम्ही विचाराल. अहो, आम्हा वाकळींचा जन्म उन्हाळ्यातच व्हायचा. रानातली कामं उरकलेली असतात, शाळेला सुट्टी असते, धुतलेली चिरगुटं तासाभरात खडखडीत वाळतात. त्यात माझ्या जन्माला एक मोठं कारणही होतं. मंजुश्रीचं लग्न ठरलं होतं.

मंजुश्री म्हणजे बसलिंगप्पांची धाकटी लेक. बसलिंगप्पांचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, बी-बियाणांचं दुकान आहे. त्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला, लक्ष्मम्माला, अव्वा. मोठा मुलगा अमरेश, त्याची बायको, धाकटा मुलगा रुद्रेश, मंजुश्री आणि अमरेशची दहा वर्षांची ऋतुजा, असं हे सात माणसांचं घर. नवरदेव लातूरचा. लग्नाची तारीख पक्की झाली, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी सरळ चालेना. जो तो पळतच होता.

रुखवत मात्र भाड्यानं आणायचं ठरलं. रुखवत म्हणजे लग्नात नवरीकडच्यांनी टेबलावर मांडलेल्या शोभेच्या वस्तू. पूर्वी बाया महिना-महिना खपून ते घरी करायच्या. आता दुकानात फोन केला की थर्माकोलचं देऊळ, मोत्यांची बैलगाडी, सुपारीचे नवरा-नवरी, सगळं टेम्पोतून येतं आणि संध्याकाळी परत जातं. मंजुश्रीनं त्याला नाही म्हटलं नाही. तिचं मागणं एवढंच होतं की सगळं भाड्याचं आणा, पण एक तरी वस्तू आपल्या घरची असू द्या. ती वस्तू टेम्पोत परत जाणार नाही, ती माझ्यासोबत लातूरला येईल, असं ती म्हणाली.

रुद्रेशनं लगेच आंब्याच्या पेटीच्या फळ्या काढून बाहुलीचा पलंग ठोकला. चार पाय, चारही वेगवेगळ्या उंचीचे. खाली पुठ्ठा सरकवला तेव्हा कुठं तो डुगडुगायचा थांबला. ऋतुजानं आपली लाडकी बाहुली त्यावर झोपवली आणि जाहीर केलं की वाकळ मीच शिवणार, कुणी हात लावायचा नाही. तोवर तिनं आयुष्यात एक बटणसुद्धा लावलेलं नव्हतं. लग्नाला बारा दिवस उरले होते.

शिकवायला साखराबाई होत्या. त्या मूळच्या चाकूरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. उदगिरात मुलाकडं राहायला आल्या आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या वाकळी शिवू लागल्या. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथं दोरा बांधलेला. राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी ऋतुजाला समोर बसवलं आणि सुई हातात द्यायच्या आधी एक अट घातली. घरातल्या प्रत्येक माणसाच्या अंगावरचं एक धडुतं आणायचं, नवं चालणार नाही, विकतचं चालणार नाही.

"एक बी माणूस सुटाय न्हाई पाहिजे," त्या म्हणाल्या. "लेक परक्या घरी जाते, तवा तिला नुसतं कापड न्हाई, सगळं घर पांघराया पाहिजे."

आता ऋतुजाचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. ती वर्गाची मॉनिटर. यादी केल्याशिवाय तिला काम सुचत नाही. शेजारच्या मुलीला विचारा, ती खेळतानासुद्धा हजेरी घेते. सात माणसांची नावं तिला तोंडपाठ होती, पण मॅडमना तोंडी हिशेब पटतो कुठं? तिनं कपाटातून रेशन कार्ड काढलं आणि त्यावरची नावं वहीत उतरवून घेतली. उतरवली आणि पेन हातातच राहिलं. नावं आठ होती.

आठवं नाव होतं शिवकांता. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलगी.

हे नाव ऋतुजानं घरात कधी ऐकलं नव्हतं. तिनं आईला विचारलं, तर आई म्हणाली, जा, पाणी भरायचंय. बाबांना विचारलं, तर ते मोबाइलवर बोलत बाहेर गेले. शेवटी मंजुश्रीनं तिला जिन्यात गाठून हळूच सांगितलं. शिवकांता ही तुझी मोठी आत्या. बारा वर्षांपूर्वी तिनं अप्पांना न विचारता, स्वतःच्या पसंतीनं देगलूरच्या दयानंदशी लग्न केलं. अप्पांनी त्या दिवशी सांगून टाकलं की मला एकच लेक आहे. तेव्हापासून ती इथं आली नाही आणि तिचं नाव कुणी घेतलं नाही. एवढं सांगून मंजुश्री म्हणाली की ताई लग्नाला असती तर मला दुसरं काहीच नको होतं.

दुसरं कुणी असतं तर ते आठवं नाव गुपचूप खोडलं असतं. ऋतुजानं खोडलं नाही. कार्डावर आहे म्हणजे आहे. सरकारचा शिक्का आहे त्यावर!

ती धडुती गोळा करायला निघाली. अप्पांचं जुनं धोतर मिळालं, ते माझं अस्तर झालं. अमरेशचा रेघांचा शर्ट, आईची पोपटी साडी, अव्वाच्या इरकल लुगड्याचा काठ, मंजुश्रीची कॉलेजातली पिवळी ओढणी, ऋतुजाचा चेरीचं चित्र असलेला फ्रॉक. रुद्रेशनं आपली जीन्स दिली आणि मोठा उपकार केल्यासारखा मिरवला. राहिलं एक. ऋतुजा वही घेऊन अव्वापुढं उभी राहिली आणि शिवकांताचं धडुतं मागितलं.

अव्वानं कमरेची किल्ली काढली, पत्र्याची पेटी उघडली आणि अगदी तळाशी हात घालून एक आकाशी निळा शाळेचा स्कर्ट वर काढला. त्यावर शाईचा एक डाग होता. अव्वानं स्वतः कात्री लावली आणि डागासकट तुकडा कापून दिला. उरलेला स्कर्ट तिनं नाकाशी धरला, तसाच घडी करून परत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. मित्रांनो, अव्वाकडं बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या लेकीचं काहीतरी मागितलं होतं.

मग सुरू झाली माझी शिवणी, आणि काय सांगू, ते आठ दिवस म्हणजे नुसता धिंगाणा! सुई पहिल्याच दुपारी तीनदा हरवली, त्यातली एकदा साखराबाईंच्या अंबाड्यात सापडली. ऋतुजाच्या बोटांना इतक्या टोचण्या झाल्या की तिला पोळीसुद्धा तळहातानं मोडावी लागली. रुद्रेशच्या जीन्सशी गाठ पडली तेव्हा सुई कट्कन तुटली. तेव्हापासून साखराबाई रुद्रेश दिसला की त्याला तुझ्या पँटीत काय पत्रा घालत होतास का, असं विचारू लागल्या. टाके तर असे पडत होते, एक इथं तर दुसरा पार तिकडं. साखराबाई चष्मा सावरून बघायच्या आणि म्हणायच्या की हा टाका आहे का म्हशीचं पाऊल. मग सगळं उसवायचं. मला तीनदा उसवलं, तीनदा शिवलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर जीव नकोसा झाला असता, पण मला भारी मजा वाटत होती. दर दुपारी मी कालच्यापेक्षा जरा जास्त असायचे!

निळा तुकडा ऋतुजानं मधोमध ठेवला. साखराबाईंनी विचारलं, कामून गं. ती म्हणाली, मधे ठेवला की तो सगळ्यांना लागून राहील. साखराबाईंनी तिच्याकडं बघितलं, तो तुकडा कुणाचा हे त्यांनाही कळलं असणार, पण त्यांनी फक्त सुईत दोरा ओवून दिला.

आमची शिवण काठापासून सुरू होते आणि गोल गोल आत येत मध्यावर संपते. शेवटी मधल्या तुकड्याची एक बाजू उघडी ठेवतात. ते वाकळीचं पोट. पोट रिकामं ठेवून वाकळ बंद करायची नाही, अशी इकडची रीत आहे. त्यात उन्हात वाळवलेला भाकरीचा घास घालतात, आणि तो घास घरातल्या कर्त्या माणसानं आपल्या हातानं घालायचा असतो. उपाशी वाकळीनं ऊब कुठून द्यावी? घास पडला की चार-सहा टाके घालून पोट शिवून टाकायचं आणि वाकळ तयार.

बुधवारी दुपारी माझं सगळं अंग शिवून झालं, फक्त पोट उरलं. लग्न रविवारी. अप्पा दुकानातून जेवायला आले आणि साखराबाईंनी त्यांना घास घालायला बोलावलं. अप्पा काय खूश झाले! हात धुतले, टोपी काढून ठेवली, खाली बसले, मला मांडीवर घेतलं. नातीचं कौतुक करून झालं. हे माझं धोतर, ही अव्वाची इरकल, हा रुद्र्याचा पत्रा, असं एकेक ओळखत त्यांचं बोट मध्यावर आलं. घास घालायला त्यांनी निळा तुकडा उचलला आणि त्यांचा अंगठा शाईच्या डागावर थांबला.

त्यांनी हे कुणाचं म्हणून विचारलं. ऋतुजानं सरळ सांगून टाकलं, मोठ्या आत्याचं. अप्पांनी घास ताटलीत परत ठेवला, मला जमिनीवर ठेवलं आणि न जेवता उठून गेले. दारात चपलाही त्यांनी उलट्या घातल्या.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पोट उघडं, सुई तशीच लोंबतेय, आणि घरात कुणी कुणाकडं बघेना. आईनं ऋतुजाला समजावलं की तो तुकडा काढ, माझ्या दुसऱ्या साडीचा लाव, चार दिवस आहेत, होऊन जाईल, लग्नाच्या घरात भांडण नको. बिचारीचंही चुकलं नव्हतं. ऋतुजानं ब्लेड घेतलं. पहिला टाका तुटला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मला डोळे नाहीत, पण मिटले. दुसऱ्या टाक्याला ब्लेड लावलं, तेवढ्यात मंजुश्रीनं येऊन तिचा हात धरला.

"त्यो तुकडा निघत असंल तर पलंग बी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी मोकळ्या हातानं जाईन."

आणि ती आत जाऊन रडली. मेंदी लावायला आलेली बाई बाहेर तशीच बसून राहिली.

मग मी काय करणार? पोट उघडं असलेली वाकळ रुखवतात ठेवत नाहीत. साखराबाईंनी तर सांगूनच टाकलं की घास पडल्याशिवाय मी पोटाला टाका घालू देणार नाही, मग नवरदेव येवो नाहीतर कलेक्टर. घरात शेवया वळत होत्या, पाहुणे येत होते, आणि मी कपाटावर पडून होते. गुरुवारची अख्खी दुपार मी तिथं एका पालीच्या शेजारी काढली.

गुरुवारी संध्याकाळी ऋतुजानं मला पिशवीत टाकलं, कपाटातून रेशन कार्ड घेतलं आणि कुणाला न सांगता अप्पांचं दुकान गाठलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं कार्ड गल्ल्यावर उघडून ठेवलं आणि आठव्या नावावर बोट ठेवलं.

"अप्पा, हे नाव खोटं हाय का?"

अप्पांनी चष्मा लावला. कार्ड बघितलं. मान हलवली, न्हाई.

"मग बारा वर्षं तुमी ते काढलं कामून न्हाई?"

मित्रांनो, यामागची गोष्ट मला अव्वाकडून नंतर कळली. अमरेश दरवर्षी त्यांना सांगायचा की ताईचं नाव आता कमी करून घेऊ, अर्ज भरला की काम झालं. आणि दरवर्षी अप्पा म्हणायचे, बघू पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना बारा वर्षं आलाच नाही. लेक नाही म्हणणाऱ्या माणसानं लेकीचं नाव असं सांभाळून ठेवलं होतं, आणि का, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीनं विचारलं. अप्पांनी कार्ड मिटलं आणि तिला घरी जायला सांगितलं. ऋतुजा रस्ताभर रडत आली, तिला वाटलं आपण सगळंच बिघडवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी सातला अप्पा तिच्या उशाशी उभे. चप्पल घाल म्हणाले. कुठं जायचंय ते सांगेनात. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती, पिशवीत लग्नपत्रिका, कुंकवाची पुडी आणि मी! ऋतुजानं स्टँडवर बसची पाटी वाचली, देगलूर, आणि तिनं जागच्या जागी दोन उड्या मारल्या. मीही मारल्या असत्या, पण पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली दबले होते. बसमध्ये अप्पांनी तिला खिडकी दिली. तिनं सतरा प्रश्न विचारले, त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. ओठ मात्र सारखे हलत होते. काय बोलायचं त्याची ते तयारी करत होते, शाळेतलं पोर कविता घोकतं ना, तशी.

देगलूरला दयानंदचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. पुढं दुकान, मागं घर. घराच्या दारात एक आठ वर्षांची मुलगी बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया राखत बसली होती. तिनं या म्हाताऱ्या माणसाकडं बघितलं आणि विचारलं, "कोण पाहिजे तुमाला?"

आपल्याच नातीला आपण कोण म्हणून सांगायचं? अप्पांनी उलट तिलाच तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, आरती. एवढ्यात आतून शिवकांता आली, पीठ लागलेले हात तसेच, आणि उंबऱ्यावर थिजली.

बसमध्ये घोकलेलं सगळं अप्पा विसरले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि पत्रिकेच्या आधी मला बाहेर काढलं. माझं उघडं पोट तिच्यापुढं धरलं.

"मंजीची वाकळ हाय," ते म्हणाले. "पोट उघडं ऱ्हायलंय. घास तू घाल. मोठी हायस तू."

शिवकांतानं निळा तुकडा बघितला. शाईचा डाग बघितला. मला वाटलं आता ही ओरडेल, बारा वर्षांचं सगळं बोलेल, आणि बोलायचा तिला हक्कही होता. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"अप्पा, तुमी जेवलाव का?"

मित्रांनो, मी कापडाची आहे. भिजले की मला वाळायला वेळ लागतो. त्या दिवशी मी दोघांच्या हातांत भिजले.

मग काय विचारता! चूल पेटल्यासारखं ते घर जागं झालं. आरती आणि ऋतुजा दहा मिनिटांत एकमेकींच्या वेण्या घालू लागल्या. शिवकांतानं भाकरी थापल्या, अप्पांना वाढलं, आणि गरम भाकरीचा घास तोडून माझ्याकडं आणला. ऋतुजा मधे पडली, घास वाळलेला पाहिजे, साखराबाई रागावतील. शिवकांता म्हणाली की साखराबाईंना मी बघून घेईन. तरी तिनं तो घास जरा तव्यावर फिरवून कडक केला, उगाच वाद नको म्हणून.

पण ऋतुजा मॅडमचं अजून झालं नव्हतं. तिनं वही काढली. एक बी माणूस सुटाय न्हाई पाहिजे, आणि इथं तर दोन माणसं यादीच्या बाहेर होती. आरतीनं डोक्याची लाल फीत सोडून दिली. राहिला दयानंद. तो मघापासून दुकानाच्या दारात उभा होता, आत यावं की नाही या विचारात. अप्पा जेवणावरून उठले, हात धुतले, पत्रिकेला कुंकू लावलं, त्याच्यासमोर गेले आणि दोन्ही हातांनी पत्रिका पुढं केली. दयानंदनं हात पँटीला पुसले, पत्रिका घेतली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. धडुतं म्हणून त्याला घाईत दुसरं काही सुचलं नाही. मोटारी पुसायच्या जुन्या शर्टाचा तुकडा त्यानं फाडून दिला.

फीत, शर्टाचा तुकडा आणि घास, सगळं माझ्या पोटात गेलं. ऋतुजानं सुई शिवकांताच्या हातात दिली. खरं तर शेवटचे टाके आपणच घालायचे, हे तिनं पहिल्या दिवसापासून मनाशी ठरवलं होतं. तरी दिली. मला ती त्या वेळी फार आवडली.

रविवारी मंगल कार्यालयात मी रुखवताच्या टेबलावर होते. एका बाजूला थर्माकोलचं देऊळ, दुसऱ्या बाजूला मोत्यांची बैलगाडी, आणि मधे पुठ्ठा लावलेला डुगडुगता पलंग. नवरीच्या शेजारी करवली म्हणून शिवकांता उभी होती. लोक एकमेकांच्या कानाला लागत होते. कोण ही? थोरली का? कधी आली? मंजुश्रीला त्याचं काही नव्हतं. तिनं ताईचा हात अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.

आणि मग माझ्यावर संकट आलं. दयानंदच्या शर्टाला मोटारीचं तेल होतं ना, ते उन्हाळ्याच्या गरमीनं पाझरलं होतं. निळ्या तुकड्याच्या बरोबर मधे रुपयाएवढा काळा डाग उमटला होता. नवरदेवाकडची एक बाई रुखवत बघत बघत आली, थांबली, आणि चारचौघींत मोठ्यानं म्हणाली की बाकी सगळं छान आहे, पण ही तेलकट चिंधी कशाला ठेवली, उचला ती. बाया हसल्या. ऋतुजाचा चेहरा पडला. दयानंद मागंच उभा होता, त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. बाईंनी मला चिमटीत धरून उचललंसुद्धा.

तेवढ्यात अप्पा आले. फेटा बांधलेले, घामाघूम. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं, पलंगावर नीट अंथरलं आणि डागावरून तळहात फिरवला.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "त्यो डाग आमच्या थोरल्या जावयाचा हाय."

सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. बारा वर्षांत जे कधी बोलले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. दयानंदनं मान वर केली, आणि मी, दीड वीत वाकळ, त्या पलंगावर मावेना!

आता मी लातूरला असते. मंजुश्री मला दर पंधरा दिवसांनी उन्हात टाकते. तिची सासू म्हणते, डागाला लिंबू लाव, निघेल. मंजुश्री लावत नाही. मित्रांनो, वाकळीला मशीनमध्ये धुऊ नका, पिळू नका, झटकून उन्हात वाळवा, एवढं तर मी सांगणारच, आमचे टाके नाजूक असतात. पण आणखी एक सांगायचंय. तुमच्या घरातही एखादं नाव असेल, जे कुणी घेत नाही. मोठी माणसं विषय बदलतात, पाणी भरायला पाठवतात. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना भीती वाटते. तुम्ही लहान आहात, तुम्हाला विचारता येतं. जेवायला सगळे बसले की एकदा विचारा, ते माणूस आज जेवलं असेल का?